चंदेरी कडे : १:३२ प्रमाणातील मिराज २००० लढाऊ विमानाच्या एका मॉडेलची प्रकरणनोंद

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घराच्या माडीवर पूर्वेच्या खिडकीतून तिरपा उजेड आला आणि आदल्या रात्री डाव्या पंखावर चिकटवलेल्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाभोवती चंदेरी कडे उमटलेले दिसले. रात्री दिव्याखाली हेच वर्तुळ निर्दोष वाटले होते. शेजारच्या क्रमांकाची अक्षरे आणि आकडे यांच्यामधल्या पारदर्शक पापुद्र्यावरही तसाच दवासारखा पांढुरका थर होता, आणि पंखाच्या मुळाशी लावलेली बारीक सूचनाचिन्हे तर काचेवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्यांसारखी वेगळी उठून दिसत होती. पाच महिन्यांचे काम शेवटच्या टप्प्यात असताना हा दोष समोर आला. तो कोठून आला, त्याचा माग कसा लागला आणि तो कसा दुरुस्त झाला, याची ही नोंद आहे.

विमान कोणते आणि ते का निवडले, हे आधी सांगितले पाहिजे. भारताने १९८२ मध्ये मिराज २००० ची मागणी नोंदवली, १९८५ मध्ये ही विमाने आली आणि तेव्हापासून त्यांचे घर म्हणजे ग्वाल्हेरचा महाराजपुरा येथील हवाई तळ. वायुसेनेने त्यांना ‘वज्र’ हे नाव दिले. १९९९ मध्ये कारगिलच्या संघर्षात टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने नेम साधणारे बॉम्ब टाकणारी विमाने हीच होती. आमच्या गावातील माणसाला मात्र ही माहिती पुस्तकातून मिळावी लागत नाही. गच्चीवर पापड वाळत घातलेले असताना डोक्यावरून जाणारा त्यांच्या पंखांचा तो त्रिकोण लहानपणापासून ओळखीचा असतो. माझे काका वायुसेनेत एअरफ्रेमचे, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे, तंत्रज्ञ होते आणि त्यांच्या सेवेतील बरीच वर्षे याच तळावर, याच विमानांच्या अंगाखांद्यावर गेली. ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनापर्यंत त्यांच्या बैठकीच्या खोलीत हे विमान उभे करायचे, असे मी जानेवारीत ठरवले होते.

खऱ्या विमानाची लांबी १४.३६ मीटर आणि पंखांचा विस्तार ९.१३ मीटर. बत्तीसने भागल्यावर मॉडेल सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि साडेअठ्ठावीस सेंटिमीटर रुंद होते. एवढ्या आकारात सुटे भाग मोठे असल्यामुळे काम सोपे होईल असे नवख्याला वाटते, परंतु प्रत्यक्षात उलट घडते, कारण लहान प्रमाणात डोळा ज्या गोष्टी आपोआप माफ करतो त्या येथे उघड्या पडतात. या प्रमाणात एका मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे खऱ्या विमानावरील ३.२ मिलिमीटर. धडाच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या सांध्यात माझ्याकडून साधारण अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली होती; खऱ्या विमानावर ती दीड सेंटिमीटरहून मोठी ठरली असती. काकांनी तिच्यावरून फक्त नख फिरवले आणि म्हणाले, “अरे, हे विमान हँगरच्या बाहेर पडणार नाही.” ती पायरी भरण्यासाठी लांबी (पुट्टी) लावून, वॉटर पेपरने घासून, त्या घासण्यात पुसल्या गेलेल्या पॅनलच्या रेषा पुन्हा कोरण्यात फेब्रुवारी गेला.

हवा आत घेणाऱ्या दोन्ही मुखांचे काम मनाजोगे झाले, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. मिराजच्या प्रत्येक मुखात एक अर्धा शंकू असतो. विमान ध्वनीच्या वेगापलीकडे गेले की तो शंकू पुढेमागे सरकून आघातलहरीची जागा सांभाळतो, जेणेकरून इंजिनापर्यंत पोहोचणारी हवा योग्य तेवढी मंदावलेली असावी. फ्रेंच तंत्रज्ञ त्याला ‘सूरी’ म्हणजे उंदीर म्हणतात. मॉडेलच्या सुट्या भागांच्या संचात या शंकूमागील पोकळी दोन अर्ध्या भागांत दिलेली असते आणि त्यांचा सांधा आत खोलवर जातो, जेथे बोट पोहोचत नाही. मी पेन्सिलीच्या टोकाला वॉटर पेपरची सुरळी चिकटवून तो सांधा घासला, नंतर आत पातळ पांढरा रंग ओतला, मॉडेल हातात घेऊन सर्व बाजूंनी फिरवले आणि उरलेला रंग मागच्या तोंडाने निथळू दिला. पोकळीच्या भिंती चिनी मातीच्या भांड्यासारख्या एकसंध झाल्या.

कॉकपिट, आसनाचे पट्टे आणि इंजिनाच्या मागच्या नळकांड्यावरील जळक्या धातूच्या छटा यांवर मी भरपूर वेळ घालवला, पण या प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही. एकच निर्णय सांगायला हवा : २०११ च्या करारानंतर या विमानांचे जे आधुनिकीकरण सुरू झाले, त्याआधीचे विमान मी करायचे ठरवले, कारण काकांनी हाताळले ते तेच होते. त्यामुळे नाकाच्या टोकावरील, हवेचा वेग मोजणारी बारीक पिटो नळी ठेवली आणि ती मोडू नये म्हणून सर्वांत शेवटी बसवायची असे ठरवले.

रंगकाम मे महिन्याच्या अखेरीस झाले. मूळ चूक येथेच झाली, पण त्या वेळी मला ती चूक वाटली नाही. ग्वाल्हेरचा मे ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगावे लागत नाही; पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, दुपारी लू वाहते आणि धुतलेली चादर दोरीवर टाकून खाली येईपर्यंत वाळते. माडीवरच्या खोलीत दुपारी ४१ अंश तापमान आणि १४ टक्के आर्द्रता होती. अशा हवेत रंग पटकन वाळेल, एका दिवसात दोन थर होतील, असा माझा हिशेब होता. अल्कोहोल असलेल्या थिनरने पातळ केलेला ॲक्रिलिक रंग, रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या एअरब्रशची ०.३ मिलिमीटरची सुई, हवेचा २५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब आणि पृष्ठभागापासून सुमारे १५ सेंटिमीटर अंतर, अशा रीतीने दोन्ही निळसर राखाडी छटा मी दोन दुपारींत मारल्या. सुईच्या टोकावर रंगाची गुठळी सारखी जमत होती आणि दर दोन-तीन मिनिटांनी ती पुसावी लागत होती. ती खूण मी वाचायला हवी होती. डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, लावण्यापूर्वी जो चमकदार थर द्यायचा, तोही त्याच खोलीत, त्याच दुपारच्या वेळी, दोन पातळ हातांत मारला. वरून पाहता चमक आली होती, म्हणून मी समाधानी झालो.

आता कारणाच्या शोधाकडे वळतो. डीकलच्या पारदर्शक पापुद्र्याखाली हवा अडकली की प्रकाश तेथून विखरून परत येतो आणि तो भाग चंदेरी दिसतो, हे मला ठाऊक होते. प्रश्न होता तो हवा का अडकली याचा. पहिला संशय डीकलच्या तक्त्यावर गेला : तो जुना असावा, पापुद्रा कडक झाला असावा. दुसरा संशय काकांचा. “बोअरचं पाणी वापरलंस ना? आमच्याकडे त्या पाण्यानं विमान धुतलेलं चालायचं नाही, डाग राहतात,” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे डावलण्याजोगे नव्हते, कारण आमच्या बोअरचे पाणी जड आहे आणि घरातील बादल्यांच्या कडांना त्याचा पांढरा थर बसतोच. तिसरी शक्यता रंगाच्या पृष्ठभागाची, आणि खरे सांगायचे तर ती मला नको होती, कारण ती खरी ठरली तर सर्वांत जास्त काम उलटणार होते.

तर्कापेक्षा परीक्षा बरी म्हणून सहा प्लॅस्टिकचे चमचे घेतले. चमच्याची बाहेरची बाजू गोलसर असल्यामुळे विमानाच्या अंगासारखी वागते आणि रंगाची चाचणी घ्यायला ती उत्तम. तीन चमच्यांना मी दुपारी, विमानाला दिला होता त्याच पद्धतीने रंग आणि चमकदार थर दिला. उरलेल्या तिघांना पहाटे साडेपाचला, जवळून आणि ओलसर थराने दिला. संचात फ्रेंच वायुसेनेची चिन्हेही होती आणि ती मला लागणार नव्हती; तीच चाचणीसाठी कामी आली. प्रत्येक गटातील एका चमच्यावर बोअरच्या पाण्याने, दुसऱ्यावर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने, आणि तिसऱ्यावर शुद्ध पाण्याबरोबर डीकल मऊ करणाऱ्या द्रावाने चिन्हे लावली.

दुसऱ्या दिवशी चमचे खिडकीत ओळीने ठेवले. दुपारच्या तिन्ही चमच्यांवर कडे होते. पाणी कोणतेही असो, फरक पडला नव्हता, आणि मऊ करणाऱ्या द्रावाने ते थोडे कमी झाले होते एवढेच. पहाटेच्या तिन्ही चमच्यांवर चिन्हे रंगवल्यासारखी बसली होती. बोअरच्या पाण्याच्या चमच्यावर चिन्हाबाहेर क्षाराचा एक फिकट ओघळ होता, म्हणजे काकांचे निरीक्षणही अगदीच फुकट गेले नाही, आणि तेव्हापासून मी बॅटरीचे पाणीच वापरतो. परंतु कड्याचे कारण ते नव्हते. डीकलचा तक्ताही निर्दोष ठरला, कारण एकाच तक्त्यातील चिन्हे एका चमच्यावर बिघडत होती आणि दुसऱ्यावर बिघडत नव्हती.

पृष्ठभाग जवळून पाहण्यासाठी मी पंख खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून विजेरी जवळजवळ आडवी धरली आणि दहापट भिंगातून पाहिले. वरून जो पृष्ठभाग तकतकीत दिसत होता, तो आडव्या उजेडात भाजलेल्या रव्यासारखा दाणेदार होता. प्रत्येक दाण्याला एक बाजू उजळ आणि दुसऱ्या बाजूला लहानशी सावली. फवाऱ्यातील थेंब १५ सेंटिमीटरांच्या वाटेत, त्या कोरड्या हवेत, अर्धेमुर्धे वाळून पृष्ठभागावर पडले होते. ओला थेंब पसरून शेजारच्या थेंबात मिसळतो, वाळलेला थेंब जेथे पडतो तेथे कण म्हणून राहतो. चमकदार थराचेही तेच झाले होते. त्याने खळगे भरायचे, तर तोच कण होऊन कणांवर बसला होता. असा कण ०.०५ मिलिमीटरचा धरला तरी बत्तीसपट मोठा केल्यावर तो १.६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे खऱ्या विमानाच्या अंगावर जणू ज्वारीच्या कण्या चिकटवल्या. त्या कणांच्या माथ्यांवर डीकलचा पापुद्रा मांडवासारखा ताणला गेला होता आणि खालच्या खळग्यांत हवा होती.

एकदा हे दिसल्यावर मे महिन्यात सुईच्या टोकावर जमणारी गुठळी आणि जूनमधील कडे ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे लक्षात आले. ज्या हवेने रंग सुईवर वाळत होता, तीच हवा तो वाटेतही वाळवत होती.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग कड्यांना सुईने टोचून, त्यावर मऊ करणारा द्राव पुनःपुन्हा लावून हवा बाहेर काढण्याचा. बारीक सूचनाचिन्हांवर तो बराच लागू पडला आणि ती चिन्हे मी तशीच राहू दिली. पंखांवरील मोठ्या वर्तुळांवर मात्र तीन दिवस खटपट करूनही कड्याचे ठिपक्यांत रूपांतर झाले, इतकेच. पारदर्शक कडा कापून टाकण्याचाही विचार केला, पण त्याने चंदेरी रेघ गेली असती तरी केशरी रंगाखालचा रवा तसाच राहिला असता आणि तो तर सावलीतही दिसत होता. म्हणून दुसरा मार्ग घेतला. रुंद टेप दाबून चिकटवली आणि दोन्ही पंखांवरील वर्तुळे व क्रमांक ओढून काढले. हा क्षण सोपा नव्हता, कारण संचात भारतीय चिन्हांचा एकच जोड होता.

पंख, पाठ आणि शेपटीचा उभा भाग आधी २००० आणि मग ३००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, पाण्यात साबणाचा थेंब घालून, घासला. घासताना पाणी राखाडी होऊ लागते आणि बोटांखालची करकर हळूहळू थांबते. ती पूर्ण थांबली की पुढे घासायचे नाही, नाहीतर रंगाखालचा प्रायमरचा थर उघडा पडतो. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला दोन ठिकाणी तो पडलाच. पोटाची बाजू मी घासली नाही. तेथे मोठी चिन्हे नव्हती, आणि दोष कोठे होता याचा तेवढा एक नमुना तरी राहावा असे वाटले.

नवा रंग जूनच्या अखेरीस पहाटे साडेपाच ते सात या वेळेत मारला. दाब १५ पीएसआयवर आणला, अंतर सात-आठ सेंटिमीटर ठेवले, थिनरचे प्रमाण वाढवले आणि त्यात वाळणे लांबवणाऱ्या रिटार्डरचे काही थेंब घातले. फवारा पडल्यावर पृष्ठभाग क्षणभर ओला चमकला पाहिजे आणि मग डोळ्यांदेखत मावळला पाहिजे, ही कसोटी. ओघळ येईल ही भीती मोठी असते आणि त्या भीतीपायीच हात नकळत लांब जातो. मला वाटते, आमच्याकडच्या उन्हाळ्यात होणाऱ्या निम्म्या चुका या लांब गेलेल्या हाताच्या असतात.

वर्तुळे मी या वेळी डीकलने न लावता रंगाने काढली. पातळ मास्किंग फिल्मवर वर्तुळ कापणाऱ्या कटरने एकाच केंद्रातून तीन वर्तुळे कापली. आधी संपूर्ण चकती पांढरी केली, तो रंग दोन दिवस वाळू दिला. मग मधले कडे आणि आतली चकती झाकून बाहेरचे कडे केशरी केले. शेवटी फक्त आतली चकती उघडून ती हिरवी केली. केशरी रंग राखाडीवर सरळ मारला तर मळकट विटकरी होतो, पांढऱ्यावरच तो खरा केशरी राहतो. पहिल्या वर्तुळात केंद्र केसभर सरकले आणि पांढरे कडे एका बाजूला जाड झाले. काकांनी ते पाहिले, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. मी ते वर्तुळ घासून पुन्हा काढले. क्रमांकाची अक्षरेही याच रीतीने, एकेक कापून, रंगवली.

एवढ्यात पाऊस लागला आणि त्याने उलट्या बाजूचा प्रश्न उभा केला. जुलैच्या मध्यात मी संरक्षक थर म्हणून लॅकर मारला. या वेळी थर ओला पडला, गुळगुळीत पडला, आणि पाच मिनिटांत डाव्या पंखावर दुधाळ धुके चढले. कारण आमच्या माठात रोज दिसते. माठातून झिरपलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. तसाच लॅकरचा थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवा ८० टक्के दमट असली की त्या गार पृष्ठभागावर दहिवर साचते व ओल्या थरात अडकते. उपायही साधा निघाला : धुके चढलेल्या जागेवर रिटार्डर मिसळलेला नुसता थिनर हलक्या हाताने फवारला, थर पुन्हा विरघळला, पाणी निघून गेले आणि धुके उतरले. पण त्यानंतर मी घाई केली नाही. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचू नये म्हणून सापळा रोज रिकामा केला आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली येईल अशा उघडिपीची वाट पाहिली. अशा उघडिपी ऑगस्टमध्ये दोन आणि सप्टेंबरमध्ये तीन मिळाल्या. राहिलेले सर्व थर त्या पाच दिवसांत झाले.

विमान मळके दाखवावे की स्वच्छ, यावर आमचा वाद झाला. मी रेषांत गडद छटा भरायला निघालो होतो. काकांचे मत असे की लाइनवरचे, म्हणजे उड्डाणासाठी तळावर उभे असलेले, विमान मळके नसते, वापरलेले असते, आणि दोन्हींत फरक आहे. त्यांनी पंखाच्या मुळाशी, जेथे तंत्रज्ञ चढतात तेथे, बुटांचे फिकट ठसे कसे पडतात ते बोटाने दाखवले. चाकांच्या खाचांत तेलाचा ओशटपणा असतो, आणि मे महिन्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या पाठीवर येथील पिवळट धुळीचा एक पातळ हात बसतो. त्यांच्या सांगण्यापलीकडे मी काही केले नाही.

पिटो नळी ६ ऑक्टोबरला बसली. ८ तारखेला सकाळी विमान त्यांच्या बैठकीत टेबलावर ठेवले. काकांनी शुभेच्छा वगैरे काही न देता आतून विजेरी आणली, गुडघ्यावर बसले आणि ती पंखाच्या पातळीत आडवी धरून नाकापासून शेपटीपर्यंत उजेड सावकाश सरकवत नेला, डावी बाजू, मग पाठ, मग उजवी. काकू चहा ठेवून गेल्या, तो निवला. मग त्यांनी मला मॉडेल उचलायला सांगितले आणि उजेड पोटाखाली नेला. तेथे रवा होता.

“हे राहिलंय,” ते म्हणाले.

“ठेवलंय, काका,” मी म्हणालो, आणि का ते सांगितले. त्यांनी त्या खरखरीत भागावरून एकदा बोट फिरवले, भिंतीवरची जुनी वही काढली आणि तारखेखाली लिहिले : पोटाची बाजू, रंग दाणेदार, उड्डाणास अडथळा नाही.